ढिगाऱ्यावरची रोपं

त्या वर्षी ऊन वेळेआधीच पेटलं आणि रोपवाटिकेतला पहिला पेरा सगळाच्या सगळा करपून गेला. हिरव्या जाळीखाली ओळीनं मांडलेल्या पिशव्यांत बोटाएवढे कोंब माना टाकून पडले होते. थोरली जाऊ झारी घेऊन आली, एका कोंबाला तिनं बोट लावलं, तर तो जळक्या वातीसारखा मोडून हातात आला. तिनं झारी खाली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारायच्या आधी जरा वेळ तशीच उभी राहिली. ही बातमी त्याला सांगायची म्हणजे आजचा दिवस गेला, हे तिला ठाऊक होतं.

नवरा रोपवाटिकेचा मुकादम. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात शिट्टी. जन्मभर दुसऱ्याच्या शिट्टीवर धावलेला माणूस. स्वतःची शिट्टी मिळाल्यापासून ती जेवतानाही काढत नसे. त्यानं वाफे पाहिले, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि थोरलीवरच उखडला.

"जाळी कालच ओढून का नाही घेतलीस? डोळे काय घरी ठेवून आली होतीस?"

"जाळी फाटलीय. कधीची सांगतेय."

"तोंड वर करून बोलू नकोस."

पलीकडे पिशव्यांत माती भरत बसलेली धाकटी जाऊ उठली नाही, तिचे हातही थांबले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, पुन्हा पेरू. बी आहे अजून."

"बी आहे, दिवस कुठायत? पाऊस काय तुझी वाट बघत थांबणारंय?"

धाकटीनं पिशवी दोनदा जमिनीवर आपटून माती बसवली आणि पुढची उचलली.

रोपवाटिकेच्या डोक्यावर तो ढिगारा उभा होता. खाणीतून निघालेला दगड, राखाडी भुकटी, निकामी माती; वर्षानुवर्षं लॉऱ्यांनी आणून ओतलेली. आता तो वस्तीतल्या कुठल्याही घरापेक्षा उंच झाला होता आणि त्याच्यावर गवताची काडीही धरत नव्हती. मागल्या पावसाळ्यात एका भर दुपारी त्याची एक कूस सुटली आणि खालची आळी तिच्याखाली गेली. धाकटी तेव्हा इथंच पिशव्या भरत होती. तिचा नवरा अंगात ताप म्हणून घरी निजला होता. बाकीच्यांना काढलं. त्याला काढता आलं नाही. शोधणाऱ्यांनी बरेच दिवस उकरलं, मग पुन्हा माती घसरायला लागली तशी फावडी खांद्यावर टाकली आणि ते निघून गेले. ढिगाऱ्यावर झाडं लावायची, मुळं माती धरून ठेवतील, असं खाणवाल्यांनी ठरवलं ते त्यानंतर. मुकादमानं भावाच्या बायकोला घरात घेतलं, कणगीमागची जागा दिली. लोक म्हणाले, माणूस तापट आहे पण मनाचा वाईट नाही. ते खरंच होतं.

दुसरा पेरा करायच्या आधी प्रयोगशाळेतून एक बाई आली. पायांत बूट, डोक्याला रुमाल, हातात पेटी, आत कडेनं थंड पाण्याच्या बाटल्या रचलेल्या. पेटीत काळ्या भुकटीची पाकिटं होती. बायका भोवती जमल्या.

"ही काय, कोळशाची भुकटी?"

"यात जिवाणू आहेत," बाई म्हणाली.

"म्हणजे जंतू?"

"जंतूच म्हणा. पण कामाचे. बियाण्याला चोळायचे, म्हणजे रोपं लवकर वाढतील."

बायकांत एक म्हातारी होती, दात नसलेली, तिला सगळे बोळकी म्हणायचे. ती म्हणाली, "दवाखान्यात जंतू मारायच्या गोळ्या देतात आणि ही बाई पोसायला सांगते. आमच्याकडं काय तोटा होता, ते बाहेरून मागवले?" सगळ्या हसल्या. बाईही हसली. मग तिनं कुंपणाबाहेरच्या जुन्या बाभळीखाली खुरप्यानं उकरून एक बारीक मूळ वर काढलं. मुळाला बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. बाईनं त्यातली एक नखानं फोडली. आतून ती लाल होती, सुई टोचल्यावर बोटावर येणाऱ्या थेंबासारखी.

"जिवाणू इथं घर करतात. हवेतलं खत ओढतात नि झाडाला देतात. झाड त्यांना खाऊ घालतं. असं रोप नापीक मातीतसुद्धा तगतं."

"त्या ढिगाऱ्यात तगेल?" धाकटीनं विचारलं.

"तिथंच तर त्याची गरज आहे. त्या मातीत काहीच नाही."

"काहीच नाही कसं म्हणता?" धाकटी म्हणाली.

बाईला कळलं नाही. बायकांनी खाली बघितलं. बोळकीनं उगीचच पदर झटकला. थोरली घाईनं म्हणाली, "बाई, चोळायचं कसं ते दाखवा. ऊन चढतंय."

कढत पाण्यात भिजवून ठेवलेलं बी गोणपाटावर पसरलं. त्यावर गुळाचं पाणी शिंपडलं, काळी भुकटी भुरभुरली आणि दोघी जावांनी समोरासमोर बसून दोन्ही तळव्यांनी ते हलकेच चोळलं. एकेक बी काळं कुळकुळीत झालं. माशा घोंगावायला लागल्या. हात कोपरापर्यंत चिकट आणि काळे. कपाळावरची बट मागं सारताना धाकटीच्या तोंडाला काळं लागलं, ते बघून थोरलीला हसू आलं आणि थोरलीचं हसू बघून धाकटीही हसली. ढिगारा सुटला त्या दुपारनंतर पहिल्यांदा. थोरलीला इतकं बरं वाटलं की ती मुद्दाम आपल्याही गालाला काळं फासून घेणार होती, पण लाज वाटली.

जाताना बाईनं बजावलं. "सुरुवातीला रोपं पिवळी पडतील. गाठी धरायला वेळ लागतो. घाबरू नका. आणि पांढरं खत अजिबात देऊ नका. ताटात आयतं मिळालं तर रोप गाठी धरतच नाही."

"कळलं," मुकादम म्हणाला. "आमच्या बायका शब्दाबाहेर जायच्या नाहीत."

बी चांगलं उगवलं. जाळीला थोरलीनं जुन्या लुगड्याची ठिगळं लावली. दोन पानांची चार झाली आणि मग बाई म्हणाली होती तसंच झालं, रोपं पिवळी पडली. आधी खालची पानं, मग सगळंच. सकाळच्या उन्हात वाफे कावीळ झाल्यासारखे दिसायचे. धाकटी रोज एखादं मेलेलं रोप उपटून त्याची मुळं डब्यातल्या पाण्यात हलवून बघायची. एक दिवस ती पळत आली. तिच्या बोटावर केसासारखं मूळ आणि मुळावर खसखशीएवढा ठिपका.

"ताई, धरायला लागल्या बघ."

थोरलीनं डोळे बारीक केले. "मातीचा कण असेल."

"नाही गं. पुसून बघितलं."

त्याच आठवड्यात खाणीचा साहेब आला. गाडीतून उतरला तो थेट वाफ्यांत शिरला. हातात छडी, छडीला गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल खूण. ती त्यानं रोपांशेजारी टेकवली. रोपं खुणेच्या निम्म्यालाही नव्हती.

"मुकादम, इकडे या. खाली बसा."

मुकादम उकिडवा बसला.

"अजून खाली. हां. आता सांगा, ही रोपं आहेत की हळदीची बोटं?"

"बाई म्हणाल्या, सुरुवातीला पिवळी—"

"बाई झाडं लावायला येणार आहेत का? पावसाच्या तोंडाला लागवड सुरू व्हायची. रोप या खुणेला लागलं नाही तर काम दुसऱ्या रोपवाटिकेला जाईल आणि तुम्ही सगळे घरी. शिट्टी वाजवायला गळ्यात घातलीय का शोभेला, पिवळे मुकादम?"

साहेबाच्या ड्रायव्हरला हसू आवरलं नाही. गाडी गेली तरी मुकादम बसूनच होता. उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला, तसा तो कधी टेकत नसे. बायकांपैकी कोणी वर पाहिलं नाही, आणि कोणी पाहत नाही हेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं थोरलीला अवजारांच्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात फवारणीच्या पंपामागं पांढऱ्या खताचं पोतं होतं. त्यानं त्याचं तोंड सोडलं.

"पाण्याच्या पिंपात टाकायचं. पातळच. सगळ्या वाफ्यांना."

"बाईंनी नको म्हटलंय."

"बाई महिन्यातून एकदा येते. मला रोज उभं राहायचंय इथं."

"धाकटी रोज मुळं बघते. गाठी धरायला लागल्यात म्हणते."

"धाकटीचं डोकं ठिकाणावर आहे का? तिला त्या ढिगाऱ्यापुढं दुसरं दिसत नाही. काम गेलं तर तिला मी कुठून खाऊ घालू? तुला कुठून घालू?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "काल बसवला मला त्यानं. ड्रायव्हरसमोर. पाहिलंस ना तू?"

शिवी दिली असती तर थोरली अडून बसली असती. पण तो असा बोलला आणि तिच्यानं नाही म्हणवलं नाही. तिनं ओंजळीनं खत उचललं. साबुदाण्यासारखे पांढरेशुभ्र दाणे. पिंपात पडले आणि ढवळेपर्यंत दिसेनासे झाले. तिनं झारी बुडवली तेव्हा हाताला झिणझिण्या आल्या. खत विरघळताच भर उन्हातलं पाणी विहिरीच्या तळातून काढल्यासारखं गार पडलं होतं.

असं ती वरचेवर करत राहिली. धाकटी पिशव्या भरायची, तण काढायची, पाणी घालायचं काम थोरलीचं. फक्त कुंपणालगतची एक ओळ, फुटक्या पिशव्यांतली रोपं दुसऱ्या पिशव्यांत घालून धाकटीनं मांडलेली, तिला धाकटीच नळाचं पाणी डब्यानं घालायची. एकदा दुपारी धाकटी घामानं निथळत आली आणि थोरली 'अगं अगं' म्हणेपर्यंत तिनं पिंपात दोन्ही हात बुडवून तोंडावर सपकारा मारला.

"कसलं गार आहे गं पाणी! एवढ्या उन्हात?"

"सावलीत होतं पिंप," थोरली म्हणाली.

पिंप उन्हात होतं. धाकटीनं तोंड पुसलं आणि ती गेली.

रोपं हिरवी झाली. नुसती हिरवी नाहीत, काळसर हिरवी, लुसलुशीत. बघता बघता ती छडीच्या लाल खुणेला लागली, काही वर गेली. मुकादम वाफ्यांमधून हात मागं बांधून फिरायला लागला. "बाईचे जंतू भारी निघाले," बोळकी म्हणायची. धाकटी मुळं बघतच होती. एकदा म्हणाली, "वर एवढं वाढलंय, खाली गाठ का दिसत नाही?" थोरलीनं झारी भरायला पाठ फिरवली.

लागवडीच्या दिवशी साहेब आणि बाई एकाच वेळी आले. लॉऱ्या दारात उभ्या होत्या. साहेबानं छडी लावत लावत रोपं पास केली. कुंपणालगतची ओळ खुणेच्या खाली भरली. ती त्यानं बाजूला काढायला लावली. बायकांनी ती पिशव्यांसकट मागच्या खड्ड्यात टाकली. बाईनं एक उंच रोप घेतलं, पिशवी फाडली, मुळं नळाखाली धुतली. स्वच्छ, पांढरी, दोऱ्याच्या गुंड्यासारखी मुळं. तिनं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"एकही गाठ नाही. पांढरं खत दिलंय कोणी?"

"नाही बाई," मुकादम म्हणाला. "देवाशपथ नाही."

"साहेब, ही तिथं टिकणार नाहीत. यांना आयत्याची सवय लागलीय."

"रोपं डोळ्यांनी दिसतायत, बाई. हिरवीगार आहेत. टिकतील न टिकतील ते पुढचं पुढं. लागवड आज झाली पाहिजे." साहेब घड्याळाकडे बघत गाडीकडे वळला. बाई ओल्या हातांत रोप धरून तिथंच उभी राहिली.

धाकटी थोरलीजवळ आली.

"त्या दिवशी पाणी गार होतं."

"कुठल्या दिवशी?" थोरली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपली जीभ कापून टाकावीशी वाटली.

धाकटीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. राग असता तर थोरलीला सोसला असता. धाकटी नवीन माणसाकडे बघावं तशी बघत होती. मग तिनं पदर खोचला आणि ती लॉरीत रोपं चढवायला गेली. त्या दिवसापासून ती थोरलीशी बोलली नाही.

पावसाच्या भुरभुरीत सगळ्याजणी ढिगाऱ्यावर चढल्या. राखाडी चिखल पायाला धरायचा आणि पाय मागं घसरायचा. वाकून वाकून कमरा धरल्या. थोरली दुरून बघत होती. ही रोपं मरणार हे माहीत असून धाकटी एकेक रोप नीट बसवत होती. पिशवी फाडून, मूळ न दुखवता, टाचेनं माती दाबून, वर दोन दगड लावून. थोरलीला ते बघवेना. तिनं तोंड दुसरीकडं करून खड्डे उकरले.

संध्याकाळी धाकटीनं खड्ड्यातली टाकून दिलेली रोपं घमेल्यात भरली आणि डोक्यावर घेऊन, कितीतरी खेपा करून, जिथं खालची आळी होती त्या जागी नेऊन लावली. घरी आल्यावर तिनं कणगीमागचं अंथरूण उचललं आणि पडवीत टाकलं. तीन दगड मांडून चूल वेगळी केली.

"आपण घरात घ्यायचं आणि हिची मिजास बघायची," मुकादम ताटावरून म्हणाला.

"तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे? मग टाकलंस कशाला? तुझ्याच हातानं टाकलंस ना?"

थोरलीनं हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली. तिला त्या वेळी नवऱ्याचा रागही आला नाही. खरंच तिच्याच हातानं टाकलं होतं.

पाऊस होता तोवर रोपं उभी राहिली. पाऊस उघडला आणि ती खालून पिवळी पडत आली. पानं गळाली, शेंडे वाळले, आणि थंडी सरेपर्यंत अख्ख्या ढिगाऱ्यावर काटक्या रोवल्यासारख्या दिसायला लागल्या. वाऱ्यावर राखाडी धूळ उठायची आणि वस्तीतल्या भांड्यांवर, अंथरुणांवर, लोकांच्या खोकल्यात येऊन बसायची. आता मात्र साहेबाला वरून विचारणा झाली होती. तो आला आणि त्यानं सगळ्यांना जाळीखाली उभं केलं.

"पांढरं खत कोणी दिलं?"

मुकादमाच्या कपाळावर घाम होता.

"बायकांनी टाकलं असेल साहेब," तो म्हणाला. "अडाणी आहेत. लवकर वाढावीत म्हणून टाकलं असेल कोणीतरी."

बोळकीनं "अरे वा रे" असं तोंडातल्या तोंडात म्हटलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचं पोर अंगावर होतं, ती रडकुंडीला आली.

"मी टाकलं," थोरली म्हणाली. "माझ्या हातानं टाकलं. यांच्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं."

कोणाच्या सांगण्यावरून, ते तिनं सांगितलं नाही. साहेबानं विचारलंही नाही. त्यानं मुकादमापुढं हात केला. मुकादमानं किल्ल्या दिल्या. हात तसाच पुढं राहिला, तेव्हा त्याला कळलं की शिट्टीही हवी आहे. तो दोरी डोक्यावरून काढायला गेला तर ती कानात अडकली. घाईनं ओढली तशी अजून अडकली. शेवटी त्याला मान खाली घालावी लागली आणि साहेबाच्या ड्रायव्हरनं ती मोकळी करून काढून घेतली. रोपवाटिकेच्या फाटकाला त्याच दिवशी कुलूप लागलं.

मुकादमाला खाणीतल्या लॉरीवर काम मिळालं. लॉरी ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला जायची, मागचं फळकूट तो पाडायचा आणि राखाडी माल घळघळत खाली ओतला जायचा. संध्याकाळी घरी येई तेव्हा पापण्यासुद्धा राखाडी असत. दोघं नवरा-बायको एका खोलीत, आपापल्या ताटाकडे बघत जेवत. एकदा तो म्हणाला, "तू माझं नाव घेतलं नाहीस." थोरली म्हणाली, "घेऊन काय झालं असतं?"

खालच्या आळीच्या जागी धाकटीनं लावलेल्या रोपांची निम्मी शेरडांनी खाल्ली. काही उन्हानं गेली. उरलेली मात्र उभी होती, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला ती धाकटीच्या कमरेला लागली होती. ती रोज तिथं जायची. त्यांच्या बुडाची, गाठींतले जिवाणू मुरलेली माती खुरप्यानं हलकेच काढायची, फडक्यात बांधून पडवीत आणायची आणि सावलीला मांडलेल्या पिशव्यांत मूठमूठ मिसळायची. कुठली ठेकेदारी नव्हती, हजेरी नव्हती. सकाळी मोलमजुरीला जायची, आल्यावर हे. थोरली उंबऱ्यातून बघायची. पिशव्यांतली नवी रोपं आधी पिवळी पडली तेव्हा थोरलीचाच जीव वर-खाली झाला. धाकटी पिवळ्या रोपांना फक्त पाणी घालत राहिली. मग ती हळूहळू हिरवी होत आली.

पावसाची एक सर येऊन गेल्यावर धाकटीनं घमेल्यात रोपं भरली आणि ती ढिगाऱ्याकडे निघाली. थोरलीनं चुलीवरचं खाली उतरवलं, कोपऱ्यातली पहार खांद्यावर घेतली आणि ती मागोमाग निघाली. धाकटीनं मागं वळून पाहिलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आळीवर सुटलेल्या त्या कुशीवर चढून दोघी कामाला लागल्या. मेलेली काटकी उपटायची, तिथंच नवीन खड्डा, नवीन रोप. थोरली खड्डा घेई, धाकटी रोप बसवी. पलीकडच्या अंगाला लॉरी येऊन थांबे, फळकूट पडल्याचा आवाज होई आणि धुळीचा लोट माथ्यावरून त्यांच्या अंगावर उतरे. ती लॉरी नवऱ्याची असेल की दुसरी, हे थोरली बघत नव्हती. पहारीनं तिच्या तळव्यांना फोड आले होते. पहार दगडावर आपटली की खांद्यापर्यंत कळ जायची. पण ती खड्डे उथळ घेत होती ते त्यामुळं नव्हतं. जरा खोल गेलं की पहारीखाली काहीतरी मऊ लागेल, चिंधी लागेल, अजून काही लागेल, या धास्तीनं तिचा हात आपोआप थांबत होता. वीतभर झालं की ती पुढच्या जागेला सरकायची.

धाकटीनं एका खड्ड्यात रोप ठेवलं आणि परत उचललं. पिशवी बाजूला ठेवून ती मागं टाचांवर बसली.

"खोल घे ताई," ती म्हणाली. "एवढ्यात मूळ धरायचं नाही."

थोरलीनं वर पाहिलं. तिनं पहार उचलली, पण घाव घालवेना.

धाकटीनं तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिनं हात पुढं करून खड्ड्यातली सुटी माती ओंजळीनं बाहेर काढली.

"लागलं काही तर लागू दे," ती म्हणाली. "मी आहे इथं."

थोरलीनं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि खाली आणली.